‘क्रायसिस’ बघायची तर दारापेक्षा फोनकडे लक्ष ठेवा

रॉबर्ट ड्र्यूची ही १९६३ ची डॉक्युमेंट्री बघायला बसाल तेव्हा आधी शेवट वाचूनच बसा, खरंच, काही बिघडत नाही. ११ जून १९६३, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कलूसा. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विद्यापीठात घ्या असा कोर्टाचा आदेश, आणि राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस म्हणतोय त्यांना अडवायला मी स्वतः दारात उभा राहणार. राहिला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी राज्याचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, आपल्या हुकुमाखाली घेतलं, त्यांचा जनरल दुपारी आला, वॉलेस बाजूला झाला, दोघांची नावं नोंदली गेली. संपलं.

आता खरी मजा. ड्र्यूच्या टीम एकाच वेळी वॉलेसकडे, बॉबी केनेडीकडे (राष्ट्राध्यक्षांचा भाऊ आणि ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख), व्हाइट हाउसमध्ये आणि त्या दोन मुलांबरोबर होत्या, कॅमेरा खांद्यावर, आवाज जागेवरच रेकॉर्ड, समोर बसवून मुलाखत वगैरे भानगड नाही. म्हणून दारातल्या सीनची वाट बघत बसू नका, फोन वाजला की कान टवकारा. बॉबी टस्कलूसाला पाठवलेल्या आपल्या हाताखालच्या माणसाला, निकोलस कॅट्झनबाखला, फोनवर सांगतो की वॉलेसला फार भाव देऊ नको, दुय्यम माणूस असल्यासारखं वाग, आणि अशाच एका फोनमध्ये बॉबीची तीन वर्षांची मुलगी केरी मध्येच रिसीव्हर घेते आणि तिकडे टेन्शनमध्ये असलेला कॅट्झनबाख तिला उकाड्याबद्दल सांगतो! तिथे मी दरवेळी रिवाइंड करतो.

सबटायटल्स लावाच, दक्षिणेकडचे उच्चार पहिल्या फटक्यात कळत नाहीत.

आणि एक, सगळं खरंखुरं चाललंय म्हणून भारावून जाऊ नका. कॅमेऱ्याला आत दोघांनीही घेतलंय, केनेडींनीही आणि वॉलेसनेही, आणि घरात पाहुणा बसला असला की आपणही जरा जपूनच बोलतो ना. कोण कधी कॅमेऱ्यासाठी बोलतोय ते ओळखायचा प्रयत्न करा, वॉलेसचं पटकन कळतं, बॉबीचं उशिरा.

जमलं तर दुसऱ्यांदा बघा, जेमतेम ५२ मिनिटांची आहे, आणि तेव्हा नेत्यांना सोडून फक्त मलोन आणि हूडकडे बघा. दारात सगळे भाषणं देत असतात तेव्हा ती दोघं बाहेर गाडीत बसून असतात.