शिडाच्या बोटीवर भात: गोडं पाणी वाचवा, मीठही लागत नाही

आफ्रिकेजवळची कॅनरी बेटं ते अटलांटिकपलीकडचं कॅरिबियन, छोट्या शिडाच्या बोटीला साधारण 3 आठवडे लागतात. टाकीतलं गोडं पाणी स्वयंपाकातच भराभर संपतं.

1. एक वाटी तांदळाला दीड वाटी गोडं आणि अर्धी वाटी समुद्राचं पाणी घाला. वरून मीठ अजिबात नको. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात.
2. शिजवायला कुकरच घ्या. बोट कितीही कलली तरी झाकण निघत नाही, उकळतं पाणी अंगावर येत नाही. माझ्या मते बोटीवर याहून मोलाचं भांडं नाही.
3. बटाटे सालासकट नुसत्या समुद्राच्या पाण्यात उकडा. छान लागतात.

मात्र हे पाणी भर समुद्रातलंच घ्या. बंदर, खाडी किंवा जहाजांच्या वर्दळीजवळचं मुळीच नको.