प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये हलवताना

गेल्या वर्षी एका शाळेतले प्रिंटर मी वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विच-वायरींवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये, हलवले. शनिवारी फोनवर प्रिंटरचं नाव दिसलं आणि काम झालं समजून घरी गेलो. सोमवारी परीक्षा होती. बाईंच्या आयपॅडवर नाव दिसतंय, पण प्रिंट दाबली की नुसतं चक्र फिरतंय. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावावं लागलं. म्हणून पुन्हा असं काम निघालं की हे सगळं आधी करून ठेवायचं.

राउटरच्या कॉन्फिगचा बॅकअप, हे सांगायला नको. प्रिंटरला डीएचसीपीत, म्हणजे नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सेवेत, कायमचा पत्ता बांधून द्या. पत्ता बदलला तर प्रिंटरची नवी घोषणा सगळीकडे पोचेल, फायरवॉलचा (कोणी कुठे जायचं ते ठरवणारा) नियम मात्र जुन्याच पत्त्यावर राहील.

मग एमडीएनएस, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं आपलं नाव ज्यातून जाहीर करतात ती पद्धत. प्रिंटर आपली जाहिरात 224.0.0.251 वर, यूडीपी 5353 ने करतो, आणि ती स्वतःच्या व्हीलॅनपुरतीच राहते. राउटर ती पुढे पाठवत नाही. म्हणून राउटरवर ती जाहिरात एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात परतवणारा रिफ्लेक्टर लागतो. लिनक्सच्या राउटरवर अवाही (एमडीएनएसचा प्रोग्रॅम) असेल तर रिफ्लेक्टर मुळात बंद असतो, तो चालू करा, आणि इंटरफेसच्या यादीत फक्त स्टाफ आणि प्रिंटर हे दोन व्हीलॅन लिहा. यादी मोकळी सोडू नका, नाहीतर पाहुण्यांच्या वायफायवरही ऑफिसचे प्रिंटर दिसायला लागतील. त्याच दोन व्हीलॅनमध्ये दुसरा रिफ्लेक्टर अजिबात नको. दोघं एकमेकांची पाकिटं परतवत बसतात आणि नेटवर्क गुदमरतं. राउटरवर 5353 आत यायला मोकळा हवा.

आता फायरवॉल. मी हेच विसरलो होतो. रिफ्लेक्टर फक्त नाव, पत्ता आणि पोर्ट पोचवतो. छापायचं पान त्यातून जात नाही. त्यासाठी आयपॅड थेट प्रिंटरशी वेगळी जोडणी करतो, आणि ती स्टाफकडून प्रिंटरकडे उघडावीच लागते. आयपीपीला, म्हणजे छपाईच्या प्रोटोकॉलला, टीसीपी 631. तरी घोषणेतल्या एसआरव्ही (सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या) नोंदीत जो पोर्ट असेल तो बघून तोच उघडा. परतीच्या पाकिटांसाठी एस्टॅब्लिश्डचा (आधीच सुरू झालेल्या जोडणीची पाकिटं सोडणारा) नियम वर आहे ना, तेही बघा. नाव दिसलं म्हणून उठू नका. फायरवॉल बघा.

वायफायवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडणं) किंवा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारी पाकिटं) अडवणं चालू असेल तर कदाचित नावच दिसणार नाही, ते तपासा. स्विचवरचं आयजीएमपी स्नूपिंगही, म्हणजे मल्टिकास्ट कुठल्या पोर्टला द्यायचं ते ठरवणारी सोय. एअरप्लेच्या, म्हणजे आयपॅडचा पडदा दाखवायच्या, टीव्हीला पोर्ट बरेच लागतात. जमलं तर तो स्टाफमध्येच ठेवा.

चाचणी स्टाफच्याच वायफायवरून, आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हींवरून. राउटर एकदा रीबूट करून पुन्हा तीच चाचणी. कागद हातात आल्याशिवाय निघायचं नाही. आणि फायरवॉलचा नियम सेव्ह झालाय का, रीबूटनंतर तोही उघडून बघा.