गाय-बैलांची टपाल तिकिटं जमवायची तर

‘शेतातले प्राणी, १०० तिकिटं’ अशी तयार पाकिटं विकायला असतात. घेऊ नका. त्यातली बरीचशी तिकिटं विक्रीसाठीच शिक्का मारून काढलेली असतात. कोपऱ्यात नेटका पाव गोल शिक्का आणि मागे डिंक शाबूत दिसला, की समजा, हे तिकीट पत्रावर कधी चढलेलंच नाही.

सुरुवात आपल्याकडच्या तिकिटांनी करा. २००० साली गीर, कांकरेज, कंगायम आणि हल्लीकर या चार गोवंशांचा संच निघाला. १९५५च्या पंचवार्षिक योजनेच्या मालिकेतलं नऊ पैचं तिकीट जरूर मिळवा, त्यावर विहिरीचं पाणी काढणारे बैल आहेत. २००९चे देशी घोडे यात धरायचे का, ते तुम्ही ठरवा. मी धरत नाही. नवी तिकिटं मोठ्या शहरांतल्या फिलाटेली ब्यूरोत, म्हणजे पोस्टाच्या तिकीट-संग्राहकांसाठीच्या विभागात, जुनी विक्रेत्यांकडे.

खरी गोम आहे ती पाकिटावरचं तिकीट सोडवण्यात. किटलीची वाफ द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तिकीट आक्रसतं. कोरडं सोलून काढायचं तर नावच काढू नका: मागचा कागद पापुद्र्यासारखा निघतो आणि तिकिटाची किंमत तिथेच संपते.

तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा. लाल किंवा खाकी पाकिटाचे तुकडे वेगळ्या ताटलीत टाका, नाहीतर रंग सुटून गीर गाय गुलाबी होईल. तुकडे पाण्यात भिजत ठेवा. पाणी साधं, फार तर कोमट. मग थांबा. तिकीट आपणहून सरकलं पाहिजे. बोटाने ढकलल्यावर अडत असेल तर अजून वेळ आहे. ओलं तिकीट चिमट्याने उचललं की कडेचे दाते तुटतात, म्हणून बोटावर घ्या, मागचा चिकटपणा स्वच्छ पाण्यात हलकेच पुसा आणि टिपकागदावर पालथं वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुरतं वाळल्यावर जाड पुस्तकाखाली दाबा.

हे काम पावसाळ्यात काढूच नका. ओल लवकर जात नाही आणि तपकिरी डाग धरतात. कोऱ्या तिकिटाला पाणी लावायचं नाही. स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात हमखास सुटतातच असं नाही, ती कागदासकट ठेवा. शिक्का स्पष्ट असेल तर अख्खं पाकीटच जपा.

स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायची वही, कपाटात उभं ठेवा. थप्पीच्या तळाशी गेलं, की वरच्या वजनाने आणि दमटपणाने कोरी तिकिटं पानाला चिकटतात.