टोर्नेडोचं वादळ येण्याआधी घरातली आसऱ्याची जागा ठरवून ठेवा

त्या रात्री वादळात आमच्या बेडरूमची खिडकी फुटली आणि मी अनवाणीच मुलांच्या खोलीकडे धावले. दिवे गेले होते. ड्रॉवरमधला टॉर्च काढला, पण तो लागेना. सकाळी झाकण उघडून पाहिलं तर सेल पाझरून आतली स्प्रिंग पांढऱ्या भुकटीनं माखली होती. तळपायात काच घुसल्याचं मला बाथरूममध्ये सगळे दाटीवाटीनं बसल्यावर, पायाखाली ओलं लागलं तेव्हा कळलं. आता आमच्या प्रत्येकाच्या पलंगाखाली पिशवीत बांधलेले जुने बूट असतात. पिशवीत अशासाठी, की फुटलेली काच बुटांत पडू नये.

सामानाच्या याद्या नंतर करा, आधी जागा ठरवा. टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, गरगर फिरणाऱ्या वाऱ्याचा खांब. त्यात माणसं मरतात ती बहुतेक करून उडून आलेल्या वस्तूंच्या माऱ्यानं आणि कोसळलेल्या बांधकामाखाली. सर्वांत तीव्र टोर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर जातो. तेव्हा लाकडाचा तुकडाही भाल्यासारखा घुसतो. म्हणून तळघर असेल तर तळघर, नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, बिनखिडकीची खोली. बाथरूम, जिन्याखालची जागा, कपड्यांची खोली, काहीही चालेल. तुमच्या आणि बाहेरच्या वाऱ्याच्या मध्ये जितक्या भिंती, तितकं बरं. उंच इमारतीत खाली उतरायला वेळ नसेल तर मधल्या पॅसेजमध्ये बसा. लिफ्टमध्ये शिरू नका. पत्र्याच्या किंवा चाकांवरच्या घरात थांबायचंच नाही, शक्यता कळताच पक्क्या इमारतीत जा.

खिडक्या उघडल्या की हवेचा दाब समान होतो आणि घर वाचतं, असं अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे. त्यात हाताशी असलेली मिनिटं वाया जातात आणि माणूस नेमका काचेसमोर उभा राहतो. तसाच उड्डाणपुलाखालचा आसरा. ३ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेल्यांचेही जीव गेले.

अमेरिकेत हवामान खातं इशाऱ्यासाठी दोन वेगळे शब्द वापरतं. ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडोला पोषक हवा आहे, तयारीत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, ताबडतोब आत जा. ‘वॉर्निंग’नंतर हातात बहुधा दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढीही नाही. फोनवरचे आपत्तीचे इशारे रात्रीही वाजतील असे ठेवा.

आणि तालीम करा, खरंच करा. आम्हाला पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली, कारण सासूबाईंचा चष्मा सापडेना आणि धाकटी मांजराच्या मागे धावली. आता दुसरा चष्मा बाथरूममध्येच असतो आणि मांजराला उचलायचं काम एकाकडे ठरलेलं आहे. वेळ निम्म्यावर आली. आत गेल्यावर खाली वाकून बसायचं, डोकं-मान हातांनी झाकायची, अंगावर गादी घ्यायची. सायकलचं हेल्मेट असेल तर तेही घाला.

त्याच खोलीत एक पिशवी ठेवा. पाणी माणशी रोज चार लिटर, तीन दिवसांचं. रोजची औषधं, पॉवर बँक, सेलवरचा रेडिओ, कागदपत्रांच्या प्रती. आणि शिट्टी, ढिगाऱ्याखाली ओरडून आवाज बसतो, शिट्टी वाजत राहते. टॉर्चचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, पण टॉर्चलाच बांधून.

अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, सुटे पत्रे इशारा आल्यावर नव्हे, आभाळ भरून यायला लागलं की आत घ्या. वाळक्या फांद्या मोसमाआधीच उतरवा.

वादळ सरल्यावर घाई नको. लोंबणाऱ्या तारेत वीज नाही असं कधीच धरू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ चालवू नका. निदान सहा मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो. फ्रिज बंद ठेवला तर आतलं अन्न साधारण चार तास टिकतं. आणि खिळा किंवा काच लागली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. मला आठवेना, म्हणून त्या सकाळी आधी डॉक्टरांकडे गेले, काचा नंतर गोळा केल्या.