लॅटिन ‘कामेरा’: अर्थ लावताना या चुका टाळा

‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे चित्रीकरण होत असलेली सुनावणी, हा समज सर्रास आढळतो. अर्थ जवळजवळ उलटा आहे: लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे इथे खोली, म्हणून ‘इन कॅमेरा’ म्हणजे ‘खोलीत’, बंद दाराआड, त्रयस्थांना बाहेर ठेवून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 मध्ये तो याच अर्थानं येतो. पंचाईत अशी की मराठी बातम्यांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ म्हणजे हटकून चित्रीकरणासह केलेलं. तेव्हा लिहिताना ‘बंद दाराआड’ किंवा ‘चित्रीकरणासह’ असं सरळ लिहावं, गोंधळच नको.

अभिजात लॅटिन मजकुरात मात्र ‘खोली’ही चालणार नाही. तिथे कामेरा म्हणजे कमानदार छत. खोली हा अर्थ नंतरचा. प्राचीन रोमन वास्तुकार वित्रुवियसनं ते बांधायची रीत दिली आहे: दोन फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता लाकडी पट्ट्या लावायच्या, ठेचलेले वेत दोरीनं त्यांना वळणदार बांधायचे, मग गिलावा. इथे ‘खोली’ घातलीत तर वेत कुठे बांधायचे तेच कळणार नाही.

रूपांत घात करतं ते ‘कामेराय’. एकवचनी षष्ठी, एकवचनी चतुर्थी आणि अनेकवचनी प्रथमा, तिन्ही हेच. आधी क्रियापद बघा; ते अनेकवचनी असेल तर प्रथमेची शक्यता मोठी. ‘इन’नंतर ‘कामेराम’ आलं तर ‘खोलीच्या आत (जाणं)’. शेवटचा आ दीर्घ असलेलं पंचमीचं रूप आलं तर ‘खोलीत’. सप्तमीचं काम लॅटिनमध्ये पंचमीच उरकते.

उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर द्या, कारण मधला ‘ए’ ऱ्हस्व आहे. याच दुबळ्या ‘ए’मुळे पुढची वंशावळ उलगडते: तो गळाला, म आणि र भिडले, मध्ये ब शिरला, आणि फ्रेंच ‘शांब्र’ झालं, त्यातून इंग्रजी चेंबर. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणारा तो ‘कामारादा’, म्हणजे आपला कॉम्रेड. हिंदीतला कमरा पोर्तुगीजांकडून आला. फोटोचा कॅमेरा हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1604 मध्ये वापरलेल्या ‘कामेरा ऑब्स्कुरा’चं, म्हणजे अंधाऱ्या खोलीचं, उरलेलं अर्धं नाव.

नुसत्या ध्वनीवरून नातं जोडू नका. ‘कमान’ फारसी, मूळ अर्थ धनुष्य. कॅमेरून देशाचं नाव तर कोळंबीवरून पडलंय: तिथल्या नदीला पोर्तुगीज खलाशी ‘कोळंब्यांची नदी’ म्हणत.