आधी पत्ता

ऑनसाइटचं, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी राहायला जायचं, नक्की झालं की लोकांचे मला दोनच प्रश्न येतात : बॅगेत काय भरू आणि थंडी किती असते? थंडी गेल्यावर कळेलच, आणि बॅगेत जे विसराल ते तिथे विकत मिळेल. ज्या घरात उतरणार आहात, त्या घरावर तुमच्या नावाची सरकारी नोंद होऊ शकते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

२०१४ मध्ये तोक्योच्या निशि-कासाईत, २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेनमध्ये आणि २०२० पासून श्टुटगार्टमध्ये, अशी माझी तीन बिऱ्हाडं झाली. भाषा वेगळ्या, हवा वेगळी, पण तिन्हीकडे घोडं अडलं ते पत्त्यापाशीच. पत्ता नोंदलेला नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून पुढचं काहीच नाही. विमानातून उतरलेले असता, पण कागदोपत्री अजून पोचलेले नसता.

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून ५ दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची. तिथे बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो. पगार, विमा, डॉक्टर, सगळं त्याच्यावर चालतं. जन्मदाखला अपोस्टिल करूनच, म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्याच्यावर सरकारी शिक्का घेऊनच, निघा. नंतर ते काम घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या गळ्यात पडतं. माझे तिथले पहिले घरमालक फोनवर फार गोड बोलले. फोटो पाठवले, डिपॉझिट घेतलं, आणि किल्ली हातात ठेवताना म्हणाले, "रजिस्ट्रेशन तेवढं या पत्त्यावर करू नका हं." मी मान डोलावली! पुढे कळलं की ते घर भाड्याने द्यायची त्यांना परवानगीच नव्हती. दुसरं घर शोधण्यात तीन आठवडे गेले आणि निम्मं डिपॉझिट बुडालं. तेव्हा घर बघताना खिडक्या-पडदे नंतर. आधी विचारा, नोंदणी होईल का, आणि उत्तर लेखी मागा.

जर्मनीत मुदत १४ दिवसांची आहे, आणि 'हे इथे राहायला आले' असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र सोबत लागतं. मोठ्या शहरांत कचेरीची अपॉइंटमेंटच त्या मुदतीत मिळत नाही. घाबरू नका, अपॉइंटमेंट घेतल्याचा मेल जपून ठेवा.

एवढं करूनही माझी गाडी अडली ती पत्रपेटीपाशी. करासाठीचा ओळख क्रमांक तिथे पोस्टाने येतो. महिना झाला, पत्र नाही. कंपनीकडे तो क्रमांक वेळेत गेला नाही तर पगारावर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात कडक, कर कापतात, त्यामुळे जीव टांगणीला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला हाताला धरून पेट्यांपाशी नेलं आणि आमच्या पेटीवर बोट ठेवलं. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव! इथे पाकिटावर फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच, पोस्टमन फक्त आडनाव जुळवतो. जुळलं नाही की पत्र परत. आमच्या घरात तर दोन आडनावं, कारण लग्नानंतर मी पासपोर्ट बदलला नव्हता. त्याच संध्याकाळी दोन्ही आडनावं कागदावर लिहून सेलोटेपने चिकटवली. दुसऱ्या आठवड्यात पत्रांचा पाऊस. त्यात रेडिओ-टीव्ही वर्गणीचंही पत्र होतं : घरामागे दर महिन्याला (ऑगस्ट २०२१ पासून १८.३६ युरो), टीव्ही असो वा नसो. ते जाहिरात समजून फेकू नका, माग काढत येतं. घरात आधीच कुणी भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळे व्हा.

नावाचं दुखणं जपानमध्ये अजून वेगळं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव मधे बसलेलं असतं, आणि विमानतळावर मिळणाऱ्या रेसिडेन्स कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं. बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत माझं नाव मावेना. खिडकीवरची मुलगी माझ्याइतकीच घामाघूम. शेवटी ते काताकाना लिपीत, वडिलांना अर्ध्यात तोडून, बसवलं. जे रूप पहिल्या फॉर्मवर लिहाल त्याचा फोटो काढून ठेवा आणि सगळीकडे तेच लिहा. एका अक्षराचा फरकही पुढे नडतो. वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला तिथेही घर मिळाल्यापासून १४ दिवसच.

तोक्योत घर बघताना इमारतीचं वर्ष विचारा. भूकंपाचे नवे बांधकाम नियम जून १९८१ मध्ये लागू झाले. त्याआधीची इमारत भाड्याला स्वस्त पडते, पण पहिला धक्का बसला की तो स्वस्तपणा आठवत नाही. 'रेइकिन' म्हणून जे पैसे घेतात ते घरमालकाचे आभार मानायचे असतात, परत येत नाहीत. गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही हजर लागता. शुक्रवारी रात्री सामान टाकून 'सोमवारी बघू' म्हणालात तर दोन दिवस गार पाण्याने आंघोळ!

श्टुटगार्टकडे येणाऱ्यांसाठी एक खास. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली छोटी लाकडी पाटी दिसली. शेजाऱ्यांनी स्वागताला काहीतरी दिलं असं समजून मी ती आत आणली आणि चक्क भिंतीला लावली. शनिवारी वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, पाटीकडे बघितलं, मग जिन्याकडे. ती 'केअरवोख'ची पाटी होती : या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. झाडून झालं की पाटी पुढच्या दाराला. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याच शनिवारी त्या बाईंनी मला फरशी कशाने पुसायची ते दाखवलं, आणि या गावातली माझी पहिली ओळख झाली ती अशी.

डॉक्टरचं थोडक्यात : नेदरलँड्समध्ये बरे असतानाच फॅमिली डॉक्टरकडे नाव घाला. थेट स्पेशालिस्टकडे कुणी घेत नाही.

आता पेन्शन. कंपनी डेप्युटेशनवर, म्हणजे भारतातली नोकरी चालू ठेवून, पाठवत असेल तर निघण्याआधी ईपीएफओकडून, म्हणजे आपल्या पीएफच्या कचेरीकडून, कव्हरेज सर्टिफिकेट (तुमचा पीएफ भारतात भरला जातोय याचा दाखला) काढलंय का, हे एचआरला विचारा. या तिन्ही देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे तिथली पेन्शनची कपात टळते. जपानमध्ये मी तिथल्याच कंपनीत होते, म्हणून माझी कपात झाली. देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज केला तर एकरकमी परतावा मिळतो. मी चार वर्षं भरले आणि तीनच वर्षांचे मिळाले, कारण तेव्हा मर्यादा तेवढीच होती. एप्रिल २०२१ पासून ती पाच वर्षांची झाली आहे. परतावा घेतला की ती वर्षं पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात, हेही लक्षात घेऊन ठरवा. अर्जाबरोबर तेव्हा लागणारं निळं पेन्शन पुस्तक मी सामानाच्या कंटेनरमध्ये भरलं होतं. एप्रिल २०२२ पासून नव्यांना पुस्तकाऐवजी पेन्शन क्रमांकाचं पत्र मिळतं. तुमच्याकडे जे असेल ते हातातल्या पिशवीत ठेवा.