अस्सल आर्केड बोर्ड आणि रूपांतरित बोर्ड यांतील फरक कसा ओळखावा

पडद्यावर खेळ सुरळीत चालतो आणि सुरुवातीचे नाव बरोबर दिसते, एवढ्यावरून आर्केड खेळाचा बोर्ड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रातली चिपांची पाटी, अस्सल ठरत नाही. रूपांतरित, म्हणजे एक खेळ काढून दुसरा घातलेल्या, बोर्डावरील चिपांमध्ये या दुसऱ्या खेळाची मूळ माहितीच जशीच्या तशी उतरवलेली असते. त्यामुळे रॉम (खेळाची माहिती साठवणाऱ्या चिपा) वाचून त्यांचे चेकसम (माहितीवरून काढलेले पडताळणीचे अंक) मेम या एम्युलेटरमधील, म्हणजे जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममधील, नोंदींशी जुळले, तरी माहिती बिनचूक आहे इतकेच कळते. ती चिप कारखान्यात बसली की पुढे कुणी बसवली, हे त्यातून कळत नाही. त्याचे उत्तर बोर्डाच्या अंगावरच शोधावे लागते.

येथे रूपांतरित आणि नक्कल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नक्कल बोर्ड मुळापासून दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला असतो; त्यावर मूळ कंपनीचे नाव आणि तिच्या खास चिपा सहसा नसतात, म्हणून तो लवकर उघडा पडतो. रूपांतरित बोर्ड मात्र त्या कंपनीचाच असतो, फक्त त्यावरचा एक खेळ काढून अधिक मागणी असलेला दुसरा घातलेला असतो. अवघड काम हेच आहे.

तपासणीपूर्वी वीज पूर्ण बंद करून बोर्ड यंत्रातून बाहेर काढावा आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. ईप्रॉमवरचे (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉमवरचे) स्टिकर सोलून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्याखालच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण आत गेले की माहिती पुसली जाते, शिवाय मूळ लेबल हा स्वतःच एक पुरावा असतो.

पहिली नजर लेबलांवर टाकावी. बहुतेक कंपन्यांनी प्रत्येक खेळाला स्वतःचा संकेत दिला होता: टायटोच्या ‘बबल बॉबल’च्या रॉमवर ए७८ असते, ‘डेरियस’वर ए९६, तर कोनामीच्या १९८९ च्या ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’वर ९६३. एका बोर्डावर दोन खेळांचे संकेत आढळले तर शंका घ्यावी, पण लगेच निकाल देऊ नये. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २ चॅम्पियन एडिशन’चा संकेत एस९२ आणि १९९२ च्याच ‘हायपर फायटिंग’चा एस२टी आहे; तरीही अस्सल ‘हायपर फायटिंग’मध्ये बरीचशी चित्रे आणि आवाज एस९२ च्याच चिपांमधून येतात, कारण कंपनीने आधीचा साठा तसाच पुढे वापरला. म्हणून त्या विशिष्ट खेळाच्या बोर्डावर कोणत्या जागी कोणती चिप असायला हवी, हे आधी मेमच्या नोंदींत पाहून घ्यावे.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा असतो चिपांचा प्रकार. प्रोग्राममध्ये शेवटपर्यंत दुरुस्त्या होत, म्हणून तो ईप्रॉमवर ठेवण्याची पद्धत कंपन्यांमध्येच होती; केवळ ईप्रॉम दिसले म्हणून बोर्डाला दोष देणे चूक ठरेल. चित्रांची माहिती मात्र मोठी आणि एकदा ठरली की न बदलणारी असे, त्यामुळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती बहुधा मास्क रॉममध्ये, म्हणजे माहिती कारखान्यातच कायमची छापलेल्या चिपांमध्ये, जाई. जेथे अस्सल बोर्डावर मास्क रॉम असतात तेथे चित्रांच्या ईप्रॉमची रांग दिसली, तर रूपांतराची शक्यता फार मोठी. निओ जिओ या खेळयंत्राच्या कार्ट्रिजमध्येही (खेळ साठवलेल्या, काढता-घालता येणाऱ्या डबीतही) हेच लागू पडते: ‘मेटल स्लग’च्या मास्क रॉमवर खेळाचा क्रमांक २०१ छापलेला असतो, आणि त्या जागी ईप्रॉम आढळले तर कार्ट्रिज बदललेले आहे असे मानावे.

चिपांवरचा चार अंकी तारीख-संकेतही वाचावा. ९१२७ म्हणजे १९९१ चा सत्ताविसावा आठवडा. ही तारीख चिप बनल्याची असते, बोर्ड जुळवल्याची नव्हे. म्हणून खेळाच्या आधीची तारीख स्वाभाविक आहे, पण खेळानंतर चारपाच वर्षांनी बनलेली रॉम तेथे कशी आली, याचे स्पष्टीकरण हवे. एखादीच तशी असेल तर ती दुरुस्ती असू शकते.

मग बोर्ड उलटा करावा. कारखान्यातील सोल्डरिंग एकसारखे असते. हाताने काढून बसवलेल्या जागी फ्लक्सचा (सोल्डरिंगला मदत करणाऱ्या रसायनाचा) पिवळसर थर, वेगळी चमक किंवा उखडलेले तांब्याचे पट्टे दिसतात. रॉमचा आकार बदलला की जंपरही (बोर्डावरच्या छोट्या बदलत्या जोडण्या) हलवावे लागतात, म्हणून तेथे विशेष पाहावे. जोडतारा दिसल्या तरी घाई नको, कारण कंपन्यांनीही त्या वापरल्या.

खेळाची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाच्या चिपा थोडक्यात पण नक्की तपासाव्यात. सेगाच्या सिस्टम १६ या बोर्डावरील ज्या खेळांना बॅटरी असलेला एफडी१०९४ प्रोसेसर लागतो, तेथे साधा ६८००० प्रोसेसर असेल तर बोर्डात बदल झाला आहे; मात्र मूळ बॅटरी संपल्यावर तोच खेळ वाचवण्यासाठीही हा बदल करतात, आणि त्याला मी रूपांतर म्हणणार नाही. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या बोर्डात बॅटरी काढली की सांकेतिक रूपातला खेळ उलगडणाऱ्या किल्लीची माहिती जाते, तेव्हा तपासणीच्या नावाखाली तिला हात लावू नये. त्या बोर्डाच्या पेटीचा रंग प्रदेश सांगतो: निळा अमेरिका-युरोपचा, हिरवा जपानचा, राखाडी आशियाचा. पडद्यावर वेगळा प्रदेश दिसला तर पेटीतला बोर्ड तपासावा.

काही रूपांतरे मात्र पूर्णपणे अस्सल आहेत. ‘मिस पॅक-मॅन’ हा खेळ मिडवेने ‘पॅक-मॅन’च्याच बोर्डावर एक छोटा जोडबोर्ड बसवून आणला, हा जोडबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये लागतो. तेथे जोडबोर्ड असणे हीच अस्सलपणाची खूण आहे, आणि तो नसून थेट रॉम बदललेले असतील तर ते नंतर कुणीतरी केलेले काम समजावे. ‘डाँकी काँग’ही १९८१ मध्ये ‘रडार स्कोप’च्या न विकल्या गेलेल्या यंत्रांचे रूपांतर करूनच निन्टेन्डोने अमेरिकेत उतरवला होता.

विकत घेताना पुढच्या बाजूबरोबरच मागच्या बाजूचे आणि चिपांच्या लेबलांचे जवळून घेतलेले छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे, आणि एकाच खुणेवर न विसंबता लेबल, चिपांचा प्रकार, तारखा व सोल्डरिंग या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, ते पाहूनच किंमत ठरवावी.